किटच्या आधीची पहिली बाटली : मुंबई उपनगरातील घरासाठी आल्याच्या बिअरचा धडा

घरी बिअर तयार करण्यासाठी जे किट विकले जाते, त्याचा गाभा म्हणजे काकवीसारख्या दाट, तपकिरी अर्काचा एक डबा असतो. जवाचे दाणे भिजवून, मोड आणून भट्टीत वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. हा माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला असता, मोड येताना तयार झालेली विकरे दाण्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात, आणि त्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले उकळून पाणी आटवले की हा अर्क मिळतो. म्हणजे बिअरच्या कामातील निम्मा, आणि नवख्याला सर्वांत अवघड जाणारा भाग कारखान्यातच उरकलेला असतो. ज्याच्या हाती किट येते त्याने डब्यातील सुमारे १.७ किलो अर्क व साधारण एक किलो साखर पाण्यात विरघळवून एकूण २३ लिटर द्रव करायचा, तो गार झाल्यावर सोबतच्या पुडीतील यीस्ट टाकायचे, आणि आठवडा-दोन आठवडे थांबून बाटल्या भरायच्या, एवढेच काम उरते.

हे उरलेले काम दिसायला थोडे असले तरी पहिल्याच प्रयत्नात फसते ते इथेच, कारण स्वच्छता, तापमान आणि साखरेचा हिशेब या तीन गोष्टी डब्यात भरून देता येत नाहीत. या तिन्ही गोष्टी शिकण्यासाठी २३ लिटरच्या पिंपाची गरज नसते. दोन लिटरच्या बाटलीत, स्वयंपाकघरातील आले, लिंबू, साखर आणि पावाचे यीस्ट वापरून त्या शिकता येतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे राहणाऱ्या वाचकाने किटऐवजी याच बाटलीपासून सुरुवात का करावी, याचे पहिले कारण कायद्यात आहे आणि दुसरे हवेत.

कायद्याची चौकट

मुंबईत आजही १९४९चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. पूर्वी मुंबई दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जाणारा हा कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याची रचना अशी आहे की मद्याची निर्मिती, वाहतूक, बाळगणे, खरेदी-विक्री हे सारे मुळातच निषिद्ध मानलेले असून जे काही करता येते ते परवान्याच्या वाटेने करता येते. कलम १२ मद्यनिर्मितीला व मद्यनिर्मितीगृह चालवण्याला मनाई करते, कलम १३ मादक पदार्थ तयार करण्यासाठी सामग्री वा उपकरणे बाळगण्यालाही मनाई करते, आणि कलम ६५ अशा कृत्यांना शिक्षेची तरतूद करते. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून व्यक्तीला मिळणारा मद्यसेवनाचा परवाना हा मद्य विकत घेण्यापुरता, बाळगण्यापुरता आणि पिण्यापुरता असतो. त्याच्या आधारे घरात बिअर तयार करता येत नाही. उपनगरातील ज्या उपाहारगृहांत ताजी बिअर तयार होते, तेथे मायक्रोब्रुअरीचा स्वतंत्र परवाना असतो. म्हणून परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने हौसेने बॅगेत आणलेले बिअर किट उपनगरातल्या सदनिकेत उघडणे, हे केवळ स्वतःपुरते असले तरी कायद्याच्या बाहेरचे ठरते.

बाहेरच्या देशांत परिस्थिती वेगळी आहे. ब्रिटनमध्ये घरगुती वापरासाठीच्या बिअरवरील परवान्याची अट १९६३मध्ये उठली. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बिअर संघराज्याच्या करातून मुक्त झाली आणि एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, तर दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा ठरली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना किट वापरण्यास आडकाठी नाही, आणि या लेखाचा शेवटचा भाग त्यांच्यासाठी आहे. मुंबईतील वाचकासाठी मात्र प्रश्न असा उरतो की, तीच कला कायद्याच्या मर्यादेत राहून कशी शिकावी.

आल्याची ‘बिअर’ म्हणजे काय

आल्याच्या बिअरमध्ये ना माल्ट असतो ना हॉप्स. आले, साखर आणि लिंबू यांच्या पाण्यात यीस्ट सोडून आलेला फेस एवढेच तिचे बिअरशी नाते आहे. इंग्लंडमध्ये हे पेय अठराव्या शतकापासून घरोघरी होत असे. त्यासाठी वापरले जाणारे जिलेटिनसारखे गोळे म्हणजे यीस्ट आणि जिवाणू यांचा सहवास आहे, हे हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. प्रस्तुत पद्धतीत मात्र असे मिश्र आंबवण न वापरता बेकरीसाठी मिळणारे कोरडे यीस्टच वापरायचे आहे. पाव फुगवणारे यीस्ट आणि बहुतेक एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट हे एकाच जातीचे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या किण्वाचे, वेगवेगळे वाण आहेत. यीस्टने साखर खाऊन अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडणे या क्रियेला किण्वन म्हणतात. उपनगराला ही क्रिया नवी नाही : गोराई-मार्वेच्या बाजूला ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळच्या ‘फुगियास’चे पीठ फुगवण्यासाठी पूर्वी ताडी घातली जाई, ती ताडीत आपोआप वाढलेल्या यीस्टच्या भरवशावरच.

साखरेचा हिशेब

या पद्धतीचा सारा आधार एका साध्या गणितावर आहे. साध्या साखरेच्या एका ग्रॅमपासून, किण्वन पूर्ण झाले तर, सुमारे ०.५१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे ०.५४ ग्रॅम अल्कोहोल मिळते. याचा अर्थ फेस आणि अल्कोहोल ही जुळी भावंडे आहेत. यीस्टकडून एक मागितले की दुसरे जवळपास तेवढ्याच वजनाने येतेच. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मद्यपेयांविषयीच्या विनियमांत, आकारमानाने ०.५ टक्क्यापेक्षा अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्यपेय मानले आहे. लिटरभर पाण्यात एकूण ७ ग्रॅम साखर असेल आणि यीस्टने ती सगळी खाल्ली, तर सुमारे ३.८ ग्रॅम, म्हणजे साधारण ४.८ मिलिलिटर अल्कोहोल तयार होते आणि प्रमाण ०.४८ टक्के भरते. त्याच वेळी ३.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, जो कोलासारख्या पेयातील वायूच्या निम्म्याच्या आसपास असला तरी जिभेला स्पष्ट जाणवतो.

प्रचलित पाककृतींत लिटरमागे ८०-१०० ग्रॅम साखर घालून बाटली बंद करायला आणि फेस आला की ती फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलेले असते. त्यात साखर शिल्लक असतानाच थंडीने यीस्टला आवर घालायचा असतो, आणि येथेच धोका आहे. १०० ग्रॅम साखरेची बाटली फ्रीजबाहेर विसरली गेली, तर तिच्यात लिटरमागे ५० ग्रॅमपर्यंत वायू आणि सहा टक्क्यांहून अधिक अल्कोहोल तयार होण्याइतका साठा असतो. बाटली तेवढा दाब सोसत नाही आणि ती फुटते. म्हणून येथे उलटा मार्ग सुचवला आहे. यीस्टला सुरुवातीलाच इतकी थोडी साखर द्यावी की सगळी संपली तरी बाटली फुटणार नाही आणि अल्कोहोल वरील मर्यादा ओलांडणार नाही, आणि गोडवा पिण्याच्या वेळी पेल्यात घालावा. यीस्टच्या संयमावर विसंबण्यापेक्षा त्याच्या ताटात वाढतानाच हात आखडता घेणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

दारूबंदी अधिनियमातील मद्याची व्याख्या मात्र अल्कोहोल असलेल्या सर्व द्रवांना कवेत घेणारी आहे. म्हणून ज्यांना कसलीही शंका ठेवायची नाही, ज्यांना अल्कोहोल पूर्ण वर्ज्य आहे, घरात लहान मुले वा गर्भवती स्त्री आहे, अथवा ज्यांची औषधे अल्कोहोलबरोबर चालत नाहीत, त्यांनी यीस्ट वगळून पुढे दिलेला आल्याचा पाक सोड्यात मिसळावा. त्यात किण्वनाचा धडा नसतो, परंतु चवीचा बहुतेक भाग हाती येतो.

सामग्री आणि तिची निवड

दोन लिटरसाठी ८० ग्रॅम आले, १२ ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे गाळलेला लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि चहाच्या चमच्याचा आठवा भाग इन्स्टंट ड्राय यीस्ट पुरते. आले आणि लिंबू यांत मिळून दीड-दोन ग्रॅम साखर मुळातच असते, म्हणूनच लिटरमागे ७ या हिशेबाने १४ ग्रॅम न घेता १२ ग्रॅम घ्यायची. ही साखर चमच्याने न मोजता ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर तोलावी, कारण चहाचा एक चमचा सपाट भरला की साधारण ४ ग्रॅम आणि शीग लावून भरला की ६-७ ग्रॅम भरतो, आणि तीन चमच्यांत झालेली ही चूक लिटरमागे चार ग्रॅमपर्यंत जाते.

आले जून निवडावे. साताऱ्याकडून येणारे, कापल्यावर आत रेषा दिसणारे, घट्ट सालीचे आले तिखट असते. पावसाळ्यानंतर येणारे पातळ सालीचे कोवळे आले सुवासिक असले तरी पाण्यात फिके पडते. आल्याचा ताजा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्यामुळे येतो आणि फार वेळ उकळल्यास ते सौम्य, गोडसर वासाच्या द्रव्यात बदलते. म्हणून निम्मे आले पाण्याबरोबर उकळावे आणि निम्मे किसून गॅस बंद केल्यावर घालावे.

पाणी महानगरपालिकेच्या नळाचे चालते. तुळशी आणि विहारपासून भातसा-वैतरणापर्यंतच्या सात तलावांचे पाणी शुद्धीकरणानंतर क्लोरिन मिसळून घरी येते, आणि हा क्लोरिन आल्यातील काही द्रव्यांशी संयोग पावून दवाखान्याची आठवण करून देणारा वास निर्माण करू शकतो. पाच-दहा मिनिटे उघड्या भांड्यात खळखळून उकळल्याने तो बहुतांशी निघून जातो. यीस्टची पुडी घेताना तारीख पाहावी, आणि उघडलेली पुडी उपनगरातल्या दमट हवेत काही दिवसांतच मंद पडत असल्याने घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवावी.

बाटली कोणती, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या खेपेला सोड्याची किंवा थंड पेयाची, नुकतीच रिकामी केलेली प्लॅस्टिकची बाटलीच वापरावी. ती दाबासाठी बनवलेली असते, आत साखर-वायूशिवाय काही लागलेले नसते आणि बोटांनी दाबून आतल्या दाबाचा अंदाज घेता येतो. पाण्याची पातळ बाटली, मधाची वा सॉसची काचेची बाटली आणि चौकोनी काचेची शोभिवंत बाटली पूर्णपणे टाळावी. दाबाखालील पेयाला योग्य बाटली लागते, ही समज जुनी आहे. मुंबईच्या गोटी-सोड्याची बाटली ज्या रचनेची असते, तिचे पेटंट इंग्लंडमध्ये हायरम कॉड याने १८७२मध्ये घेतले, आणि तिची जाड काच व मानेतील गोटी ही आतला वायू धरून ठेवण्यासाठीच योजलेली आहे.

कृती

धुणे आणि निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साबणाने मळ जातो, पण जिवाणू राहतात. पातेले, गाळणी, नरसाळे आणि डाव स्टीलचे घेऊन ते उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावेत आणि नंतर पुसू नयेत, कारण ओट्यावरचे फडके हे स्वयंपाकघरातील सर्वांत अस्वच्छ वस्तूंपैकी एक असते. प्लॅस्टिकची बाटली उकळत्या पाण्याने आक्रसते. ती उकळून कोमट केलेल्या पाण्याने दोनदा विसळून उपडी ठेवावी.

सव्वादोन लिटर पाणी उघड्या पातेल्यात उकळत ठेवून त्यात निम्मे आले पातळ चकत्या करून घालावे आणि दहा मिनिटांनी गॅस बंद करून उरलेले आले किसून, साखर आणि मीठ घालून झाकण ठेवावे. अर्ध्या तासाने पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून द्रव लवकर गार करावा. द्रव कोमट असताना बाहेरचे जिवाणू सर्वांत वेगाने वाढतात, म्हणून हा टप्पा जितका लवकर ओलांडला जाईल तितके बरे. द्रव ३५ अंशांच्या खाली, म्हणजे मनगटावर टाकलेला थेंब ना गरम ना गार वाटेल इतका झाला की तो गाळून लिंबाचा रस मिसळावा. लिंबाने चव येते, शिवाय आम्लता वाढून नको असलेल्या जिवाणूंना आळा बसतो. गाळलेला द्रव दोन लिटरपेक्षा कमी भरल्यास उकळून गार केलेले पाणी घालून तो नेमका दोन लिटर करावा, कारण साखरेचा सारा हिशेब या आकड्यावर बसवलेला आहे.

यीस्ट अर्धी वाटी कोमट द्रवात भुरभुरवून दहा मिनिटे ठेवावे. जिवंत यीस्ट या अवधीत वर मलईसारखा थर धरते आणि पावाच्या दुकानासमोरून जाताना येतो तसा वास सुटतो. थर न धरता ते गाळासारखे तळाशीच बसले, तर पुडी मेलेली आहे असे समजून दुसरी घ्यावी. हे मिश्रण उरलेल्या द्रवात ढवळून बाटली भरावी, मानेखाली तीन बोटे जागा सोडावी, भरतानाच बाटली हलकेच दाबून थोडी हवा बाहेर काढावी आणि झाकण घट्ट लावावे. अशी किंचित चपटलेली बाटली पुढे स्वतःच गोल होत जाते, आणि किण्वन सुरू झाल्याची ती पहिली खूण असते.

घड्याळ नव्हे, बाटली पाहावी

थंड देशांतील सूचनांत हवेचे तापमान १८ ते २० अंश गृहीत धरून चार-पाच दिवसांचा अवधी दिलेला असतो. मुंबईच्या हवेला हे गृहीतक लागू पडत नाही. मे महिन्यात सांताक्रूझ वेधशाळेचे सरासरी कमाल तापमान ३३ अंशांच्या पुढे आणि किमान २७च्या आसपास असते, म्हणजे रात्रीही यीस्टला विसावा नसतो. जानेवारीत किमान तापमान १७ अंशांपर्यंत उतरते. ज्या घरात इडलीचे पीठ हिवाळ्यात रात्रभर ठेवूनही दाटच राहते आणि मे महिन्यात संध्याकाळीच पातेल्याबाहेर येते, त्या घराला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातही गच्चीखालच्या वरच्या मजल्यावरची खोली खालच्या मजल्यापेक्षा तापते, आणि समुद्रापासून दूर असलेल्या मुलुंडमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक अंधेरीच्या किनाऱ्याकडील भागापेक्षा अधिक जाणवतो.

त्यामुळे किती तास ठेवावे याचे एकच उत्तर देता येत नाही. उन्हाळ्यात व पावसाळ्यात साधारण एक ते दीड दिवस आणि हिवाळ्यात दोन ते तीन दिवस हा अंदाज धरून बाटलीला विचारावे. भरल्यावर, सहा तासांनी आणि त्यानंतर दर चार-सहा तासांनी बाटलीच्या मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावे : प्रथम अंगठा सहज रुततो, मग चामड्याच्या जुन्या चेंडूसारखा प्रतिकार जाणवतो, आणि शेवटी दुकानातल्या न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा कडकपणा येतो. दोन पाहण्यांमध्ये कडकपणा वाढला नाही, तर यीस्टची साखर संपली असे समजावे. या पद्धतीत दाब एका मर्यादेपुढे जाऊ शकत नाही हे खरे, पण साखर तोलण्यात चूक झाली असेल तर ती उघडकीस आणणारी हीच एक तपासणी आहे. बाटलीचा तळ बाहेर फुगून ती उभी राहताना डोलू लागली, तर ती उघडण्याची घाई न करता प्रथम फ्रीजमध्ये ठेवावी आणि पूर्ण गार झाल्यावर मोरीत किंवा सिंकमध्ये, चेहरा दूर ठेवून, झाकण थोडे थोडे सैल करावे. बाटली ठेवण्याची जागा अंधारी, गॅसपासून दूर आणि शक्य तर झाकणाच्या बादलीत असावी.

कडक झालेली बाटली किमान बारा तास फ्रीजमध्ये ठेवल्यावर वायू द्रवात नीट मुरतो आणि यीस्ट तळाशी पांढुरक्या थराने बसते. ओतताना बाटली एकाच हालचालीत, न डुचमळता तिरपी करावी आणि शेवटचे दोन बोटे पेय तळाच्या थरासह सोडून द्यावे. हा थर अपायकारक नसला तरी त्याने पेय पिठूळ लागते. चार-पाच दिवसांत पेय संपवावे.

गोडव्याचा पाक

या अवस्थेत पेय जवळजवळ बिनसाखरेचे, कोरडे आणि तिखट असते. गोडव्यासाठी १०० ग्रॅम आले किसून २०० मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावे, गाळून त्यात २०० ग्रॅम साखर किंवा गूळ विरघळवावा आणि गार झाल्यावर एका लिंबाचा रस मिसळून पाक फ्रीजमध्ये ठेवावा. पेल्यात प्रथम एक ते दोन मोठे चमचे पाक घालून वरून थंड पेय अलगद ओतले, की फेस टिकतो. हा पाक पेयाच्या बाटलीत घालून ती पुन्हा बंद करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण फ्रीजमधील यीस्ट मेलेले नसून झोपलेले असते. एवढी साखर मिळताच ते जागे होते आणि आधीचा सगळा हिशेब वाया जातो.

बिघाड आणि त्यांची कारणे

हिवाळ्यात तीन आणि एरवी दोन दिवसांनंतरही बाटली मऊच असेल, तर यीस्ट मेलेले होते, द्रव फार गरम असताना ते टाकले गेले किंवा झाकणातून वायू निसटतो आहे, यांपैकी एक कारण असते. झाकणाभोवती साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहिले की तिसऱ्या कारणाचा निकाल लागतो. पेय ताकासारखे आंबट झाले, तर भांड्यांतून लॅक्टिक आम्ल करणारे, म्हणजे दह्याच्या कुळातले जिवाणू शिरले आहेत. शिरक्याचा झोंबणारा वास आला, तर हवेत वाढणाऱ्या ॲसेटिक जिवाणूंना बाटलीत फार मोकळी जागा मिळाली आहे. उकडलेल्या अंड्यासारखा हलका वास यीस्टच्या ताणामुळे येतो आणि पेल्यात ओतल्यावर बहुधा उडून जातो. पृष्ठभागावर लोकरीसारखी बुरशी दिसली, तर ती काढून उरलेले पिणे योग्य नाही. सगळे ओतून टाकावे आणि ती बाटली पुन्हा वापरू नये.

जेथे किट चालते तेथे

ब्रिटन, अमेरिका वा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकाला आल्याच्या बाटलीवर शिकलेले जवळजवळ सारे किटसाठी उपयोगी पडते. किटच्या बिअरचे पहिले किण्वन पिंपात होते. पिंपाच्या झाकणात बसवलेल्या एअरलॉक नावाच्या, पाण्याने भरलेल्या नळीतून वायू बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. तेथे दाबाची चिंता नसते, पण २३ लिटर द्रव किण्वनाच्या उष्णतेने स्वतःच भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश तापतो आणि २५ अंशांच्या पुढे यीस्ट तीव्र वासाची, डोके जड करणारी उच्च अल्कोहोले अधिक सोडते, म्हणून पिंप १८ ते २१ अंशांत ठेवावे. उन्हाळ्यात ते पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओले कापड गुंडाळावे आणि टबात बर्फाच्या बाटल्या बदलत राहाव्यात.

किण्वन संपले की नाही हे येथे अंगठ्याऐवजी हायड्रोमीटर सांगतो. द्रवात तरंगणारी ही काचेची नळी त्याची घनता पाण्याच्या तुलनेत दाखवते. साखर असताना ती वर राहते आणि साखर संपत जाईल तशी खाली बुडते. सुरुवातीला १.०४० आणि शेवटी १.०१० अशी नोंद आली, तर दोहोंमधील फरकाला १३१.२५ने गुणून अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ३.९ टक्के येते. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा न बदलल्याखेरीज बाटल्या भरू नयेत, कारण पिंपात उरलेली साखर बाटलीत दाब होऊन प्रकटते. त्यानंतर बाटलीत फेस आणण्यासाठी लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम साखर घालतात, तिला प्रायमिंग म्हणतात; आल्याच्या बिअरमध्ये लिटरमागे ७ ग्रॅमचा जो हिशेब ठेवला, तो या शेवटच्या पायरीचाच हिशेब आहे. म्हणजे किटमध्ये ज्या पायरीवर बाटल्या फुटतात, तिचा सराव मुंबईतील वाचकाने आधीच केलेला असतो.

हा सराव उपयोगी ठरण्यासाठी पहिल्या बाटलीपासून एक वही ठेवावी आणि तीत भरण्याची तारीख व वेळ, साखरेचे तोललेले वजन, खोलीचे तापमान, अंगठ्याने दाबून पाहिल्याच्या वेळा आणि बाटली कडक होण्यास लागलेले तास एवढेच लिहावे. मे, जुलै आणि जानेवारी अशा तीन महिन्यांच्या नोंदी जमल्या, की त्या विशिष्ट घराच्या, त्या विशिष्ट मजल्याच्या हवेत यीस्टला किती वेळ लागतो हे कोणत्याही डब्यावर न छापलेले कोष्टक तयार होते. चौथी बाटली भरताना पाककृतीतील दिवस वाचण्याऐवजी ही वही उघडावी.